बॅटरी जिपड्याची, हक्क गल्लीचा

आमच्या लहानपणी परभणीकडच्या सोनपेठमध्ये चारचाकी असलेली घरं बोटांवर मोजावीत एवढीच. कुणाकडे चार हात बदलत आलेलं जिपडं, कुणाकडे ट्रॅक्टर, एखाद्या आडत दुकानदाराकडे अँबॅसिडर. त्या गाडीत बसायचा योग आम्हाला लग्नात, दवाखान्याच्या निमित्तानं नाहीतर परळीला वैजनाथाच्या दर्शनाला जाताना, एवढाच. पण गाडीची बॅटरी मात्र सगळ्या गल्लीच्या ओळखीची होती. कारण ती गाडीत कमी आणि घराघरांत जास्त असायची. रविवारी सकाळी टीव्हीला. सप्ताहात भोंग्याला. लग्नात मांडवातल्या दिव्याला. मळणीच्या रात्री खळ्यावरच्या बल्बला. आणि एवढं सगळं करून जीव उरला, तर जिपड्याला.

म्हणून तिची काळजीही सगळ्यांनाच. "पाणी बघितलं का?" हे ढाळजेत बसलेले आजोबा विचारायचे, ड्रायव्हर विचारायचा आणि शेजारचे तात्या भिंतीवरून मान काढून विचारायचे. तात्यांकडे गाडी नव्हती, टीव्ही होता. लग्न होऊन नव्यानं आलेल्या एका काकूंनी हा प्रश्न ऐकून रांजणात डोकावून "अर्धा हाय की" असं सांगितलं होतं. ते बोलणं त्यांना सून येईपर्यंत पुरलं.

आजच्या पोरांना ती बॅटरी कशी दिसायची इथपासून सांगावं लागतं. काळीकुट्ट, कडक रबराची पेटी. वर डांबराचा थर ओतलेला. त्या डांबरातून वर आलेल्या शिशाच्या जाड पट्ट्या, एका घराला दुसरं घर जोडणाऱ्या. ओळीनं सहा बुचं. प्रत्येक बुचाखाली एक घर, एका घराचे दोन व्होल्ट, सहा घरांचे बारा. अगदी जुन्या विलीज जिपड्याला तीनच बुचं असायची, कारण त्याचा सगळा कारभारच सहा व्होल्टवर. वजन असं की उचलायला दोघं लागायचे आणि "सरळ धरा, सरळ धरा" म्हणायला चौघं. पेटीच्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटनं मालकाचं आडनाव आणि खाली 'सोनपेठ', म्हणजे चार्जिंगच्या दुकानात आपली नवी जाऊन दुसऱ्याची जुनी घरी यायला नको.

पाणी बघायचा कार्यक्रम महिन्यातून दोनदा, उन्हाळ्यात दर आठ दिवसांनी. वेळ सकाळची, गाडी थंड असताना. जमवाजमव लग्नघरासारखी: पाना आणा, फडकं आणा, तांब्याभर कढत पाणी आणा, स्वयंपाकघरातून खायचा सोडा मागून आणा, दात घासून पिसारलेला जुना ब्रश आणा, डिस्टिल वॉटरची बाटली आणा. आणि शेवटी हमखास ऐकू येणारी हाक, "अरे, बॅटरी आणा रे, बॅटरी बघायचीय!" टॉर्चला बॅटरी म्हणणाऱ्या गावात यात कुणाला काही चमत्कारिक वाटत नसे. टॉर्च मात्र लागायचाच. काडी ओढून आत बघायचं नाही, हा पहिला नियम. चार्जिंग होताना आतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगीनं तो जागच्या जागी पेट घेतो. आजोबांना हायड्रोजन ठाऊक नव्हता. "आत वाफ आसती, भडकती," एवढ्यावर त्यांचं विज्ञान पूर्ण होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. बुचं उघडी असताना ढाळजेतली बिडीसुद्धा विझायची.

आधी वरचा भाग फडक्यानं पुसायचा, म्हणजे बूच काढताना धूळ आत पडत नाही. मग एकेक बूच पिळून काढायचं आणि क्रमानं मांडायचं. बुचाच्या डोक्याला बारीक भोक असे. ते वाफ बाहेर पडायचं नाक. सुई घालून ते मोकळं आहे का बघायचं. टॉर्च धरला की आत शिशाच्या पट्ट्या दिसायच्या, ज्यांना आम्ही 'प्लेटा' म्हणायचो. एक करडी, एक चॉकलेटी, एक करडी, एक चॉकलेटी, मध्ये पातळ पडदे. पाणी प्लेटांच्या वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढं हवं. कमी असेल तर प्लेटांची डोकी उघडी पडतात, वाळतात, पांढरी पडतात आणि तेवढा भाग कायमचा जातो. जास्त झालं तर चार्जिंगच्या वेळी उतू जातं, खालचा पत्रा खातं, रंग खातं आणि उचलणाऱ्याची विजारही खातं. पाणी घालायला प्लास्टिकची छोटी नळकी, नाहीतर औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर. आमच्यात ज्याचा हात थरथरत नाही त्याला हा मान मिळायचा. सहा घरांत सारखं पाणी झालं की वरून तिघं-चौघं वाकून बघायचे आणि एकमतानं ठराव पास व्हायचा.

घालायचं ते फक्त डिस्टिल वॉटर. उन्हानं आणि चार्जिंगनं उडून जातं ते पाणी, तेजाब, म्हणजे ॲसिड, आतच राहतं. म्हणून तेजाब पुन्हा घालायचं नसतं, हे आम्हाला कळायच्या आधी पाठ झालं होतं. आणि आपल्या बोअरचं पाणी तर नाहीच नाही. ज्या पाण्यानं डाळ शिजत नाही, ज्यानं हंड्याच्या बुडाशी पांढरं पापुद्र्यासारखं साठतं, ते त्या नाजूक प्लेटांवर काय करील, हे बायकांना वेगळं सांगावं लागत नव्हतं. डिस्टिल वॉटर मिळालं नाही तर पावसाचं. पहिला पाऊस सोडायचा, त्यानं माळवदं आणि आभाळ धुऊन निघू द्यायचं. मग दुसऱ्या-तिसऱ्या पावसात मोकळ्या अंगणात काचेचं नाहीतर चिनीमातीचं भांडं ठेवायचं. पत्र्याचं किंवा पितळेचं भांडं चालत नाही, धातूचा अंश उतरतो. आजीची लोणच्याची रिकामी बरणी त्या कामी लागली की आजी म्हणायची, "पावसाळ्यात लोणचं त्या बॅटरीतच घाला आता."

आजीचं आणि बॅटरीचं कधीच पटलं नाही. तिला कारण होतं. बॅटरीला हात लावून आलेल्या माणसाचं धोतर त्या दिवशी ठणठणीत दिसायचं. दोन दिवसांनी धुतलं, आपटलं, पिळलं की त्याची चाळणी झालेली असायची. तेजाबाचा थेंब तेव्हा दिसत नाही, धुण्यात दिसतो. "एक बॅटरी, तीन धोतरं आन् एक लुगडं," असा तिच्याकडे वर्षाचा हिशेब असे. लुगडं कसं गेलं, तर फडकं म्हणून वापरलेलं धोतर तिनंच कपड्यांच्या ढिगात टाकलं होतं. ते आम्ही बोलायचो नाही.

पाणी झालं की टर्मिनलं. प्लसचं टर्मिनल मायनसपेक्षा जरा जाड असतं, हे अंधारातही बोटांना कळायचं. त्यावर आठ-पंधरा दिवसांत हिरवट-निळी-पांढरी भुकटी जमायची, शेतातल्या मोरचुदासारखी. 'सारखी' कशाला, तांब्याच्या वायरवर तेजाबाची वाफ बसून झालेलं ते बऱ्याच अंशी मोरचूदच. ती साचली की वीज अडते. वायर घट्ट, बॅटरी भरलेली, तरी गाडी ढिम्म. सोडायचं तर आधी मायनस, मग प्लस. जोडायचं तर आधी प्लस, मग मायनस. उलटं केलं आणि पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तर अशी ठिणगी पडते की पाना हातातून सुटतो. हा क्रम आमच्या गल्लीत पोरांना पाढ्यांसारखा विचारला जाई. मग सोड्याचं कढत पाणी ओतायचं. ते फसफसून वर यायचं, निळा फेस धरायचं, आणि आम्ही पोरं "उकळली, उकळली!" ओरडायचो. बुचं तेव्हा घट्ट लावलेली हवीत, सोडा आत गेला तर तेजाबच मरतं. ब्रशनं घासायचं, साध्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, क्लँप आवळायचा आणि वरून व्हॅसलीन नाहीतर ग्रीस. हिवाळ्यात ओठाला लावायची व्हॅसलीनची डबी आमच्याकडे अर्धी ओठांची आणि अर्धी बॅटरीची होती.

याच्या पुढचं काम बॅटरीवाल्या चाचांचं. त्यांचं दुकान म्हणजे एक खोली. अर्ध्या भिंतीवर चार्जरची पेटी, तिच्यावर थरथरता काटा, आणि जमिनीवर लाकडी फळ्यांवर ओळीनं बॅटऱ्या, चिमटे लावून एकमेकींना जोडलेल्या. दारात गेलं की नाकात झिणझिण्या. जमिनीवर बॅटरी टेकवायची नाही, फळी हवीच, नाहीतर "जमीन बॅटरी पिते" हा त्यांचा सिद्धांत. लाकडी आणि रबरी पेट्यांच्या काळात, वरून तेजाबानं आणि धुळीनं ओल धरली की त्यात थोडं तथ्यही होतं. आता प्लास्टिकच्या पेटीला जमीन काही करत नाही. पण सोनपेठमधल्या कितीतरी घरांत इन्व्हर्टरची बॅटरी अजून पाटावर बसवलेली दिसेल.

चाचांचं मुख्य हत्यार म्हणजे हायड्रोमीटर. काचेची जाड नळी, वर रबराचा फुगा, खाली रबराची शेपटी. फुगा दाबून शेपटी बुचाखालच्या घरात घालायची, फुगा सोडला की तेजाबपाणी वर चढतं आणि आतली छोटी काचेची सळी त्यात तरंगायला लागते. ती जेवढी वर तेवढी बॅटरी भरलेली. सळीवर तीन रंग: हिरवा, पांढरा, लाल. चाचा नळी डोळ्यासमोर धरायचे, एक डोळा मिटायचे, आणि आकडा म्हणायचे, "बारासो पचास". म्हणजे पाण्याचं वजन १००० धरलं तर तेवढ्याच तेजाबपाण्याचं १२५०. बॅटरी उतरत जाते तसं तेजाब प्लेटांत मुरतं, पाणी पातळ होतं आणि आकडा अकराशेकडे घसरतो. सहाही घरांचा आकडा जवळपास सारखा आला की चाचा खूष. पाच घरं बाराशे चाळीस आणि एक अकराशे साठ, असं निघालं की ते नळी खाली ठेवून मान हलवायचे. "एक सेल गया." ते ऐकताना बापमाणसांचे चेहरे असे व्हायचे की लहान पोरंही गप्प बसायची. पाठोपाठ ठरलेला सवाल, "पानी नै देखते, और बोलते बेटरी खराब. पानी देखे थे क्या?"

सेल गेला म्हणून बॅटरी फेकायची रीत नव्हती. डांबर तापवून काढायचं, ते घर उघडायचं, प्लेटांचा जुडगा वर ओढायचा, पडदे बदलायचे, नव्या प्लेटा बसवायच्या, शिसं वितळवून पट्टी पुन्हा जोडायची, वरून डांबर ओतायचं. धोतराला ठिगळ, छत्रीला काडी, चपलेला टाच, पातेल्याला कल्हई, कंदिलाला काच आणि बॅटरीला सेल, ही सगळी एकाच बैठकीतली कामं होती. मग रातभर नव्हे, दोन-दोन दिवस सावकाश चार्जिंग. घाईनं चढवलेली बॅटरी घाईनं उतरते, हे चाचांचं वाक्य आम्ही पुढे परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला बसताना बापाच्या तोंडून ऐकलं.

चाचांची एक करामत बघायला आम्ही मुद्दाम जायचो. पेटीवरच्या खुणा झिजलेल्या असल्या आणि प्लस कुठलं, मायनस कुठलं हे कळेना, की ते घरातून बटाटा मागवायचे. मधोमध कापायचे. दोन्ही टर्मिनलांना जोडलेल्या तांब्याच्या तारा त्या कापलेल्या तोंडावर बोटभर अंतरावर खुपसायचे आणि गप्प बसायचे. थोड्या वेळात एका तारेभोवती बटाटा हिरवा पडायचा. "ये पलस." तांबं विरघळून तिथं उतरतं म्हणून तो रंग. दुसऱ्या तारेपाशी बारीक बुडबुडे. बटाटा मात्र फेकून द्यावा लागे, आणि तो ज्या घरातला असेल त्या घरची बाई पुढच्या वेळी चाचांना वांगं देऊ करायची.

आता टीव्हीचं. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं, ऑक्टोबर १९८८ मध्ये 'महाभारत', आणि रविवारची सकाळ ही आमच्याकडे लाइटच्या भरवशावर सोडायची गोष्ट राहिली नाही. सुदैवानं तेव्हाच्या चौदा इंची कृष्णधवल टीव्हीला मागे बारा व्होल्टचं भोक असायचं. त्यामुळे शनिवारी रात्रीच जिपड्याची बॅटरी सुटायची. सायकलच्या कॅरिअरवर बारदान, बारदानावर बॅटरी, एक जण हँडलला, दोघं दोन बाजूंना, अशी ती मिरवणूक तात्यांच्या घरी. ओसरीत सतरंजी, पुढे लहान पोरं, मागे म्हातारी माणसं, खिडकीत आत न मावलेली माणसं. एका कोपऱ्यात फळीवर बॅटरी. काही आज्या टीव्हीतल्या रामाला हात जोडायच्या. आमची आजी आधी बॅटरीकडे बघून "राहशील ना गं तासभर?" म्हणायची, मग रामाकडे वळायची.

एका भागानं बॅटरीला काही होत नसे. टीव्ही दीड-दोन अँपिअर खायचा, साठ-सत्तर अँपिअर-तासांच्या बॅटरीला ते काहीच नाही. पण मग कुणी म्हणायचं, लावलीच आहे तर बातम्या बघू. मग संध्याकाळचा सिनेमा. मग मॅच असली तर मॅच. सोमवारी पहाटे जिपड्याला परभणीला निघायचं असायचं, आणि सेल्फ मारला की 'टकटकटकटक'. डिझेल इंजिन फिरवायला एका दमात शे-दोनशे अँपिअर लागतात, ते आदल्या रात्रीच्या सिनेमातल्या नायकानं पळवलेले असायचे.

त्या सेल्फच्या आवाजावरून रोग ओळखणारी माणसं आमच्या गल्लीत होती, ओसरीतून न उठता. टक्, आणि मग शांतता: टर्मिनल सैल, नाहीतर भुकटी. टकटकटकटक: बॅटरी उतरली. घु...र्र... घु...र्र: अर्धी आहे, देवाचं नाव घ्या. घुर्रर्र करून जोरात फिरतंय पण इंजिन बोलत नाही: बॅटरीला शिव्या देऊ नका, डिझेल बघा. खात्री करायची तर हेडलाइट लावून सेल्फ मारायचा. दिवा मालवल्यासारखा झाला तर दोष बॅटरीचा, दिवा तसाच राहिला तर दोष पुढे कुठेतरी.

मग उपाय. पहिला उपाय आदल्या रात्रीच केलेला असे: गाडी उताराला लावायची. सोनपेठमध्ये कोण कुठे मुक्कामी आहे हे जिपडी कुठल्या उताराला उभी आहेत त्यावरून कळायचं. दुसरा उपाय धक्का. इग्निशन चालू, क्लच दाबलेला, गाडी दुसऱ्या गिअरवर, आणि मागे अख्खी गल्ली. "लाव जोर... सोड क्लच!" गाडी एक गचका खाऊन धूर सोडायची आणि ढकलणारे सगळे काळे. तिसरा उपाय हँडल. पुढच्या बाजूनं लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवायचं. त्यात एकच शिकवण: अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलला वेढा घालायचा नाही. इंजिन उलटा झटका देतं तेव्हा अंगठा तेवढा जातो. याच मोडलेल्या हातांना कंटाळून अमेरिकेत १९१२ साली कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला आणि बॅटरी गाडीची मालकीण झाली. आमच्याकडे ती मालकीण झाली खरी, पण हँडल सीटखालून बरीच वर्षं निघालं नाही. चौथा उपाय, दुसऱ्याच्या बॅटरीला आपली बॅटरी जोडायची. त्यासाठी मात्र संबंध बरे असावे लागत.

हे सगळं का, तर लाइट नसायची म्हणून. आमच्या नशिबाचा विनोद असा की सोनपेठ तालुक्यातल्या खडक्याच्या बंधाऱ्यातून गोदावरीचं पाणी परळीच्या वीज केंद्राला जातं. पाणी आमचं, चिमण्या परळीच्या, आणि रात्री आमच्या कोनाड्यात मात्र रॉकेलची चिमणी. २०१३ च्या दुष्काळात पाणीच उरलं नाही तेव्हा ते केंद्रही बंद ठेवावं लागलं. त्याच्याआधीची काही वर्षं भारनियमनाची. लाइट कधी येते यावर दळण, पाणी, अभ्यास, सगळं ठरायचं. त्या वर्षांत इन्व्हर्टर घरोघरी आले आणि जिपड्याच्या बॅटरीची बाहेरची कामं संपली. ज्यांना बुचं उघडायची सवय होती त्यांचे इन्व्हर्टर सहा-सात वर्षं चालले. ज्यांना नव्हती त्यांना दोन वर्षांत दुकानदार भेटला आणि म्हणाला, "पाणी बघितलं का?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे नांगर, कोयता, शिवणयंत्र, तराजू, सायकल यांच्या ओळीत बॅटरीही बसायची. धुतलेली, पुसलेली, टर्मिनलांना ताजी व्हॅसलीन. हळदकुंकवाचं बोट प्लसवर टेकवायचं की मायनसवर यावर दरवर्षी वाद, आणि दरवर्षी निकाल एकच, दोन्हीवर. झेंडूचा हार मात्र टर्मिनलांपासून लांब. ओल्या देठांतून वीज पळते, हे पूजा सांगणाऱ्या गुरुजींनाही ठाऊक झालं होतं.

आठवणीत सगळं सोन्याचं होतं असं नाही, आणि ते लपवून ठेवणं बरं नव्हे. मोडक्या बॅटरीतलं शिसं आम्ही पोरं खेळायला घ्यायचो. खापराच्या तुकड्यात वितळवायचो, ओल्या मातीत ओतून गोळ्या करायचो, त्याच हातानं भाकरी खायचो. शिसं रक्तात जातं आणि लहान लेकरांच्या मेंदूला सगळ्यात जास्त बाधतं, हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. जुनं तेजाब मोरीत, नाहीतर गल्लीच्या टोकाला, आणि तिथं पुढे गवत उगवायचं नाही. २००१ साली केंद्र सरकारनं बॅटऱ्यांचे नियम केले, पुढे २०२२ साली नवे आले, आणि जुनी बॅटरी दुकानात परत द्यायची रीत पडली. ती परत दिली की नवीच्या किमतीतून पैसे वजा होतात, शिसं वितळून पुन्हा प्लेटांत जातं. जुनं भंगारात न टाकता परत कामाला लावायचं, एवढी आमच्या वेळची एक गोष्ट तरी सरकारी नियमात शिरली.

आता गाड्यांत येते ती बंद पेटीची बॅटरी. वर लिहिलेलं असतं, पाणी घालायची गरज नाही. बुचं नाहीत, हायड्रोमीटरची शेपटी घालायला जागा नाही, कुठं कुठं एक छोटा काचेचा डोळा असतो, हिरवा म्हणजे ठीक, काळा म्हणजे चार्ज करा. चांगली सोय आहे. कुणाचं धोतर जळत नाही. आतला कारभार मात्र तोच आहे. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांतेनं शिशाचे पत्रे तेजाबात बुडवून बॅटरी केली, तेव्हा आपल्या परभणीवर निजामाचं राज्य होतं. निजाम गेला, मुंबई राज्य आलं, महाराष्ट्र झाला. पेटीत शिसं आणि तेजाबच राहिलं. बदललं ते एवढंच की पूर्वी गल्लीतल्या कुणालाही बूच काढून आत बघता यायचं, आणि आता मालकालाही येत नाही. ज्याच्या आत बघता येतं त्याची काळजी घ्यायला दहा माणसं असतात. बंद पेटीची काळजी फक्त ती बंद पडल्यावर आठवते.

म्हणून आमच्या पिढीतली माणसं अजून बॉनेट उघडतात. पोरं हसतात, "आबा, त्यात काय बघायचंय?" बघण्यासारखं पुष्कळ आहे. टर्मिनलं अजून उघडीच असतात आणि मोरचूद अजून तसाच जमतो. सोडा आणि कढत पाणी अजून स्वयंपाकघरात आहे. क्लँप हातानं हलतोय का, पेटी खाचेत घट्ट बसलीय का, पेटीचं पोट फुगलंय का, हे डोळ्यांना आणि बोटांना कळतं. शे-दोनशे रुपयांचा मीटर लावला की गाडी रात्रभर थांबल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. बाराच्या खाली गेलं तर बॅटरी उपाशी आहे. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ नसेल तर दोष बहुधा बॅटरीचा नाही, तिला खाऊ घालणाऱ्या अल्टरनेटरचा आहे. गाडी लग्नसराईपर्यंत झाकून ठेवायची असेल तर आठ-दहा दिवसांतून एकदा चांगली अर्धा तास फिरवून आणा. नुसती चालू करून बंद केली तर सेल्फनं खाल्लेलं भरूनसुद्धा निघत नाही.

आणि हे काम मेमध्येच करा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळिसावर जातो आणि परभणीची थंडी चार-पाच अंशांपर्यंत उतरते. बॅटरी मरते उन्हाळ्यात, कळते हिवाळ्यात. डिसेंबरातल्या पहाटे गाडी 'टकटक' म्हणाली तर तिला ढकलायला आता गल्ली उठून येणार नाही. जो तो आपापल्या बंद गाडीत आपापला सेल्फ मारत असेल. तेव्हा मेमधल्या एखाद्या रविवारी नातवाला हाक मारा, त्याच्या हातात ब्रश द्या, आधी मायनस की प्लस ते विचारा, आणि चुकला तर पुन्हा विचारा.